डक्ट साफ करण्याआधी

(टोरोंटो परिसरातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. डक्ट क्लिनिंगचा, म्हणजे घरभर हवा नेणारे पत्र्याचे बोगदे साफ करून देतो म्हणणारा, फोन आला नाही असं घर मिसिसागा-ब्रॅम्प्टनमध्ये शोधून सापडायचं नाही. "उद्या तुमच्याच भागात आमची गाडी आहे, शंभर डॉलरमध्ये सगळं घर साफ करून देतो." घरात कुणाला दमा असला, तान्हं बाळ असलं, भारतातून आईबाबा आलेले असले की एखाद्या वेळी आपण हो म्हणून बसतो. माणसं येतात, तासाभरात जातात, आणि जाताना सॅनिटायझिंगचे, म्हणजे जंतुनाशक फवारल्याचे म्हणून वेगळे पैसे घेतात. फवाऱ्याचा वास दोन दिवस टिकतो. खोकला जिथल्या तिथे.

मी घरांच्या हीटिंग-कूलिंगच्या कामात आहे आणि मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. त्यात आपल्या माणसांचे पैसे जातात हे एक, आणि मूळ दुखण्याकडे कुणी बघतच नाही हे त्याहून वाईट. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बहुतेक घरांत हवा बिघडते ती ओलीमुळे, स्वयंपाकघरातल्या धुरामुळे आणि फिल्टरकडे झालेल्या दुर्लक्षामुळे. डक्टमधल्या धुळीचा नंबर बराच खाली लागतो. ज्या थोड्या घरांत डक्ट खरोखर साफ करायला हवेत, तिथे ते नीट, वेळ आणि पैसे खर्चून करावेत. औषध फवारायला मात्र चटकन हो म्हणू नये.

पाहुणे आलेल्या आईबाबांसाठी थोडं सांगतो. इथल्या बहुतेक घरांत बेसमेंटमध्ये फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी असते. तिच्यातला ब्लोअर, म्हणजे मोठा पंखा, घरातलीच हवा रिटर्नच्या जाळ्यांतून ओढतो, ती फिल्टरमधून जाते, हिवाळ्यात तापते, उन्हाळ्यात एसीच्या कॉइलवरून, म्हणजे गार नळ्यांच्या जाळ्यावरून जाताना थंड होते आणि पत्र्याच्या डक्टमधून प्रत्येक खोलीत परत येते. म्हणजे तीच हवा दिवसभर फिरत राहते. साहजिकच वाटतं, की हे पत्र्याचे बोगदे मळले तर आपण तोच मळ श्वासात घेणार.

इथेच विचार थोडा सावकाश करायला हवा. डक्टच्या तळाशी जो राखाडी थर दिसतो, तो जड धुळीचा असतो. कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण, केस, माती. ही धूळ पत्र्याला चिकटून बसते आणि ब्लोअर चालू असताना सहसा तिथेच राहते. फुप्फुसात खोलवर जाणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात. ते थरात बसत नाहीत, हवेत तरंगत राहतात, आणि ते रोज नव्याने तयार होतात: गॅसवर, उदबत्तीवर, उघड्या खिडकीतून. म्हणून डक्ट धुऊन पुसून काढला तरी खोलीतल्या हवेचं मोजमाप फारसं हलत नाही. कॅनडा मॉर्गेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशन या इथल्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने यावर संशोधन करून घेतलं, तेव्हा डक्ट साफ केल्याने घरातल्या हवेतल्या कणांत किंवा हवेच्या प्रवाहात फरक पडलाच तर अगदी थोडा, असं दिसलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, हीसुद्धा स्पष्ट म्हणते की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं कधीही सिद्ध झालेलं नाही. त्यांचा सल्ला आहे की ठरावीक वर्षांनी रिवाज म्हणून नको, गरज दिसेल तेव्हा करा.

मग गरज कधी? डक्टच्या आत डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल, उंदीर किंवा किडे शिरले असतील, किंवा जाळीतून कचरा खोलीत उडताना दिसत असेल, तर जरूर साफ करा. माझ्या अनुभवातलं चौथं कारण म्हणजे नवं घर. मिल्टनकडे किंवा ब्रॅम्प्टनच्या उत्तरेला नव्या वसाहतीत घर घेतलं असेल, तर ताबा मिळाल्यावर जमिनीलगतची एखादी जाळी उचला आणि मोबाइलचा टॉर्च आत मारा. ड्रायवॉल, म्हणजे भिंतींचे जिप्समचे फळे, घासल्याचा पांढरा खकाणा, लाकडाचा भुसा, खिळे, कधी कामगारांचे कॉफीचे कपसुद्धा सापडतात. अशा घरात एकदा व्यवस्थित सफाई करून घेण्यात शहाणपण आहे. घराचं मोठं नूतनीकरण झाल्यावरही तेच.

व्यवस्थित म्हणजे काय, ते समजून घ्या, कारण इथेच फसवणूक होते. नीट काम करणारी माणसं फर्नेसजवळच्या मुख्य डक्टला एक भोक पाडतात, त्याला जाड नळी लावून मोठा व्हॅक्यूम जोडतात आणि खोल्यांतल्या जाळ्या झाकतात. सगळ्या डक्टमधली हवा व्हॅक्यूमकडे ओढली जाऊ लागली, म्हणजे मग एकेक जाळी उघडून तिथून ब्रश किंवा दाबाच्या हवेचा झोत आत सोडतात. सुटलेली धूळ खोलीत न येता व्यवस्थेबाहेर ओढली जाते. शेवटी पाडलेलं भोक पत्र्याने पक्कं बंद करतात. ब्लोअरचं चाक, कॉइल, पाण्याची ट्रे हेही तपासायला हवं, कारण ते मळलेले ठेवून नुसते डक्ट साफ केले तर घाण काही दिवसांत परत पसरते. या सगळ्याला काही तास लागतात. ईपीएने अमेरिकेतला खर्च एका यंत्रणेमागे साधारण ४५० ते १,००० डॉलर सांगितला आहे. शंभर डॉलरमध्ये हे काम होत नाही. घरगुती व्हॅक्यूमसारखी नळी प्रत्येक जाळीत हातभर घालून काढली, याला सफाई म्हणत नाहीत. फर्नेसच्या गॅसच्या भागाला हात लावायचा असेल तर ऑन्टारियोत टीएसएसएचा, म्हणजे तांत्रिक सुरक्षा बघणाऱ्या संस्थेचा परवाना असलेला तंत्रज्ञच हवा, हेही विचारून घ्या.

आता सॅनिटायझिंग. विकणारे हमखास १९७६ ची गोष्ट सांगतात. फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं, न्यूमोनियाची साथ आली, तीसच्या आसपास माणसं दगावली, आणि पुढे लीजनेला हा जंतू सापडला. गोष्ट खरी आहे. पण लीजनेला वाढतो कोमट पाण्यात, मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमध्ये, पाण्याच्या नळांमध्ये. आपल्या घराच्या कोरड्या पत्र्याच्या डक्टमध्ये त्याला वाढायला पाणीच नाही. त्या साथीची भीती घालून घरगुती डक्टमध्ये जंतुनाशक फवारणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आणि डक्टमध्ये खरोखर बुरशी असेल तर? तरीही फवारणी हा उपाय नाही. बुरशीला ओल लागते. ओल तशीच ठेवून बुरशी मारली तर ती पुन्हा येते, आणि मेलेल्या बुरशीच्या कणांनीही ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो. काही डक्टना आतून फायबरग्लासचं अस्तर असतं. तशा अस्तरावर वापरायला ईपीएने एकही जंतुनाशक मान्य केलेलं नाही. ते अस्तर भिजलं किंवा त्यात बुरशी धरली तर साफ होत नाही, काढून नवं बसवावं लागतं. वर सील करणारा रंग फवारून देतो म्हणणारे भेटले तर त्यांना नम्रपणे निरोप द्या. ओझोनचं यंत्र लावून 'हवा शुद्ध' करणाऱ्यांनाही. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, आणि माणसाला सुरक्षित असलेल्या प्रमाणात तो हवेतली घाण फारशी काढू शकत नाही.

ओल येते कुठून, याचं एक उदाहरण देतो. ब्रॅम्प्टनमधलं घर. आजींना सकाळी उठल्या उठल्या ठसका लागायचा आणि हीटिंग सुरू झालं की घरभर कुबट वास. डक्ट साफ करून, औषध मारून झालं होतं. मी फर्नेसशी गेलो तर वरच्या पत्र्यावर पांढऱ्या क्षाराचे ओघळ आणि त्यांच्या कडेने तांबूस गंज. फर्नेसला जोडलेल्या ह्युमिडिफायरची, म्हणजे हवेत ओलावा सोडणाऱ्या यंत्राची, निचऱ्याची नळी क्षाराने बंद झाली होती. त्यातलं पाणी शोषणारं पॅड इतकं कडक झालं होतं, की बोटाने दाबल्यावर त्याचा चुरा पडला. पाणी खाली जायला वाट नसल्याने पत्र्याच्या आत झिरपत होतं आणि तिथे काळे ठिपके धरले होते. वर आर्द्रतेचं बटण ५० वर. बाहेर उणे पंधरा असताना आत ५० टक्के ठेवली तर खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं आणि चौकटी काळ्या पडतात. तशा थंडीत ३० च्या आसपास पुरे. तिथे आम्ही नळी मोकळी केली, पॅड बदललं, गंजलेला पत्रा कापून नवा बसवला, बटण खाली आणलं. कुबट वास गेला. आजींना मी डॉक्टरांकडेही जायला सांगितलं, कारण ठसक्याचं निदान करणं हे माझं काम नव्हे.

तसंच उन्हाळ्यात एसीच्या कॉइलखालची ट्रे बघा. पाणी साचून राहत असेल तर निचरा तुंबला आहे. कुठेही काही भिजलं तर एक-दोन दिवसांत कोरडं करा, त्यानंतर बुरशी धरायला लागते.

आता ज्या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तो म्हणजे आपलं स्वयंपाकघर. फोडणी, सुकं खोबरं भाजणं, तळण, तव्यावर जळलेलं पिठ. मिरचीच्या फोडणीचा खाट घरभर होतो, तेव्हा नाकाला झोंबतं म्हणून कळतं तरी. त्यातले बारीक कण मात्र वास गेल्यावरही तासन् तास हवेत राहतात, आणि ब्लोअर चालू असेल तर वरच्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीपर्यंत पोचतात. इथल्या पुष्कळ घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह असतो आणि त्यातलाच पंखा हूड, म्हणजे धूर ओढणारी चिमणी म्हणून वापरतात. हात वर धरून बघा. हवा तुमच्याच कपाळावर येत असेल तर तो पंखा धूर बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून परत घरात सोडतो. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तर त्या जाळीला अडतच नाही. डक्ट सॅनिटाइझ करायला जे पैसे देणार होतात, ते बाहेर हवा सोडणारा हूड बसवायला ठेवा. तो होईपर्यंत तळण मागच्या बर्नरवर करा. मागच्या बर्नरचा धूर हूडखाली नीट सापडतो, पुढच्याचा निसटतो. पंखा गॅस पेटवण्याआधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. देवघरात उदबत्ती, धूप, कापूर लावताना जवळची खिडकी थोडी उघडा. दम्याचा माणूस घरात असेल तर निरांजन पुरे, असं मी माझ्या घरी सांगतो.

फिल्टरबद्दल. त्याच्या चौकटीवर मर्व्ह असा आकडा असतो, तो जितका मोठा तितके बारीक कण फिल्टर धरतो. मर्व्ह ८ मोठी धूळ धरतो, बारीक कण बहुतांशी सोडून देतो. मर्व्ह १३ एक मायक्रॉनच्या आतले, म्हणजे धुरातले, निदान निम्मे कण एका फेरीत पकडतो. जून २०२३ मध्ये जंगलातल्या वणव्यांचा धूर टोरोंटोवर उतरला होता, आठवत असेल. तेव्हा ज्यांच्याकडे मर्व्ह १३ होता, त्यांना त्याचा उपयोग झाला. पण एक इंच जाडीचा घट्ट फिल्टर जुन्या फर्नेसला झेपेलच असं नाही, हवेचा प्रवाह कमी होतो. आधी तंत्रज्ञाला विचारा. चार-पाच इंच जाडीचा फिल्टर बसणारं खोकं लावता आलं तर उत्तम. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदला, बाण फर्नेसच्या दिशेने ठेवा. काढलेल्या फिल्टरच्या कडा बघा. चौकटीच्या कडेने काळपट पट्टा असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते आहे, आणि मग कितीही महाग फिल्टर घातला तरी फायदा नाही. फट बंद करा. कापडी डक्ट टेपने नव्हे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी १९९८ मध्ये निरनिराळे टेप तपासले, तेव्हा डक्टचे सांधे धरायला हाच टेप सर्वांत कमी टिकला. मॅस्टिक, म्हणजे सांध्यांवर लावायचा घट्ट लेप, किंवा धातूचा फॉइल टेप वापरा. ज्यांच्याकडे एचआरव्ही, म्हणजे घरातली ऊब राखून बाहेरची ताजी हवा आत घेणारं यंत्र आहे, त्यांनी त्याचेही फिल्टर काढून धुवा. तो बेसमेंटच्या छताला लटकत असतो आणि पुष्कळांना त्याला फिल्टर असतो हेच माहीत नसतं.

दोन गोष्टी पटकन. कपडे वाळवणाऱ्या ड्रायरची नळी मात्र दर वर्षी आवर्जून साफ करा. त्यात साचलेल्या लिंटमुळे, म्हणजे कपड्यांच्या तंतूंमुळे, आगी लागतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळात दर वर्षी घरांतल्या ड्रायरच्या सुमारे २,९०० आगींचा अंदाज दिला होता, आणि साफ न करणं हे त्यातलं सर्वांत मोठं कारण होतं. दुसरं, घर जुनं असेल आणि डक्टच्या सांध्यांवर पांढरी, कागदासारखी पट्टी दिसली तर तिला हात लावू नका, ब्रश तर अजिबात फिरवू देऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेलं तर फुप्फुसांना घातक असं तंतूमय खनिज, असू शकतं. आधी नमुना तपासून घ्या.

शेवटी मागच्या रांगेतल्या काकूंचा प्रश्न: पुण्यातल्या घरी स्प्लिट एसी आहे, डक्ट नाहीत, मग तिथे काय? तिथेही ओलच बघायची. आतल्या युनिटची जाळी धुता, पण तिच्या मागे असलेलं पंख्याचं लांब नळकांडं आणि पाण्याची ट्रे तशीच राहते. टॉर्च मारून नळकांड्याच्या पात्यांवर काळे ठिपके दिसले तर युनिट उघडून धुऊन घ्या, वरवरचा फवारा नको.

आणि ज्यांनी पुढच्या आठवड्यात डक्टवाल्यांना बोलावून ठेवलंय, त्यांनी आज रात्री फर्नेसशेजारची एक जाळी आणि शक्य तर फर्नेसच्या वरच्या डक्टचा आतला फोटो काढा. माणूस आल्यावर विचारा की व्हॅक्यूम कुठे जोडणार, भोक कशाने बंद करणार, ब्लोअर आणि कॉइल बघणार का, आणि काम झाल्यावर त्याच जागांचे फोटो देणार का. चारही उत्तरं सरळ मिळाली आणि तुमच्या फोटोत खरंच कचरा असेल, तर काम करून घ्या. सॅनिटायझिंगच्या ओळीवर काट मारून मगच सही करा.