पडलेलं शहर आणि पाडलेलं शहर

पडद्यावर जे घड्याळ दिसतंय ते बंद आहे आणि ते कुणी दुरुस्त करणार नाही. काटे पाच वाजून सतरा मिनिटांवर. स्कोप्येच्या जुन्या रेल्वे स्टेशनचं हे घड्याळ. २६ जुलै १९६३, शुक्रवारची पहाट. भूकंपात स्टेशनचा एक भाग तेव्हा कोसळला. जो उरला तो मोडक्या अवस्थेतच ठेवलाय आणि आत आता शहराचं संग्रहालय आहे.

स्कोप्ये म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियाची राजधानी, तेव्हा युगोस्लाव्हियातल्या एका प्रजासत्ताकाची. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे नाव मदर तेरेसांमुळे माहीत असेल. त्यांचा जन्म इथला, १९१० चा. ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेही या भूकंपात गेलं. त्या तेव्हा कोलकात्यात होत्या.

भूकंप मापानं फार मोठा नव्हता, ६.१ च्या आसपास. किल्लारीचाही जवळपास तेवढाच, आणि तोही लोक अंथरुणात असतानाच. पण इथे केंद्र शहराच्या अगदी पोटाखाली होतं, तेही उथळ. त्यात वार्दार नदीनं आणून टाकलेल्या गाळाची जमीन. आणि महायुद्धानंतर भराभर उभारलेल्या चार-पाच मजली इमारती, ज्यांचा सगळा भार विटांच्या भिंतींवर. तळमजल्यावर दुकानं काढायची म्हणून आतल्या भिंती काढून टाकलेल्या. वर संसार, खाली पोकळी. आपल्या शहरांत पार्किंगसाठी हेच करतात, म्हणून हे वाक्य जरा सावकाश म्हणतोय. हजारावर माणसं गेली, चारांतल्या तीन इमारती पडल्या किंवा निकामी झाल्या. हॉटेल मॅसिडोनिया आतल्या पाहुण्यांसकट खाली बसलं. भूकंपप्रवण भागात बांधकाम कसं करावं याचे नियम युगोस्लाव्हियानं पुढच्या वर्षी, १९६४ साली केले.

इथपर्यंत सगळ्या भूकंपांची गोष्ट सारखीच असते. माझा रस पुढच्या भागात आहे. शहरात दोन प्रकारच्या इमारती नाहीशा झाल्या. एक, ज्या पडल्या. दुसऱ्या, ज्या उभ्या होत्या पण पाडल्या. मुख्य चौकाभोवती दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या तीन देखण्या वास्तू होत्या: राष्ट्रीय नाट्यगृह, लष्करी अधिकाऱ्यांचं भवन आणि बँक. तिन्ही जखमी होत्या, तिन्ही जमीनदोस्त केल्या. दुरुस्त करता आल्या असत्या का, यावर तिथे आजही वाद घालतात. मला विचाराल तर तेव्हा कुणाला फारशी दुरुस्ती करायचीच नव्हती. समाजवादी देशाला कोरी पाटी मिळाली होती, आणि कोरी पाटी समोर आली की नियोजनकाराचे हात शिवशिवतात. मी स्वतः नगररचना शिकवतो, तेव्हा हा कबुलीजबाब समजा.

उलट जुना बाजार बघा. ऑटोमन काळापासूनच्या त्या अरुंद गल्ल्या, मशिदी, हमामखाने नदीपलीकडे राहिले, त्यांची डागडुजी झाली. वार्दारवरचा दगडी पूलही उभाच. हे गाव काही पहिल्यांदा हादरलं नव्हतं. इसवी सन ५१८ मध्ये इथलं रोमन शहर, स्कूपी, असंच उद्ध्वस्त झालं होतं; १५५५ मध्ये पुन्हा.

बायका-मुलांना इतर प्रजासत्ताकांत पाठवलं, पुरुष तंबूंत राहिले. शहर हलवायचं की तिथेच बांधायचं, यावर खल झाला आणि तिथेच बांधायचं ठरलं. मग संयुक्त राष्ट्रसंघ आला. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकी सैन्याचं फिरतं रुग्णालय आणि सोव्हिएत अभियंते एकाच शहरात काम करत होते. जगाची मदत शहरावर अशी सांडली की आजही वस्त्यांवर तिच्या खुणा दिसतात. सोव्हिएत संघानं घरांच्या तयार काँक्रीट भिंती ओतणारा कारखानाच दिला. रुमानियानं दवाखाना दिला, त्याचं नाव बुखारेस्ट. पोलंडनं टेकडीवरच्या समकालीन कलेच्या संग्रहालयाचा आराखडा दिला आणि त्यासाठी पिकासोनं एक चित्र पाठवलं. अन्न, पांघरुणं हे सगळे देतात. चित्र द्यायचं सुचणं मला फार आवडतं.

मध्यवर्ती भागाच्या आराखड्यासाठी १९६५ मध्ये आठ गटांना बोलावलं, चार देशातले, चार बाहेरचे. निकाल मजेशीर लागला. बक्षिसाचे साठ टक्के टोकियोचे वास्तुकार केन्झो तांगे यांना आणि चाळीस टक्के झाग्रेबच्या मिश्चेविच आणि वेन्झ्लर यांना. म्हणजे आराखडाही वाटून घ्या. तांगेंच्या डोक्यात दोन कल्पना होत्या. एक ‘शहराची भिंत’, म्हणजे केंद्राला वेढणाऱ्या उंच निवासी इमारतींची तटबंदी. दुसरी ‘शहराचं द्वार’, म्हणजे खांबांवर उचललेलं रेल्वे स्टेशन, खाली बस स्थानक. भिंत वेढा घालायला निघाली आणि दक्षिण तीरावरच थांबली. नदीपलीकडे गेलीच नाही. आज दक्षिणेला मॅसिडोनियन बहुसंख्य, उत्तरेला अल्बेनियन वस्ती, मधे नदी. या विभागणीला फक्त आराखडा जबाबदार नाही, पण जोडण्याचं काम अर्धवट सोडलं हेही खरं. ज्या रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं, त्या कुटुंबांची घरं गेली, त्यांची सोय शहराच्या टोकाला झाली. तीच शुतो ओरिझारी, बोलीत शुत्का, जगातल्या सगळ्यात मोठ्या रोमा वस्त्यांपैकी एक. तात्पुरती सोय किती टिकते हे बघायचं असेल तर तिथे जावं.

द्वार मात्र बांधून झालं, १९८१ मध्ये. तोवर शहर दुपटीहून मोठं झालं होतं, आणि उघड्या काँक्रीटच्या इमारतींनी भरून गेलं होतं. वास्तुकार यांको कोन्स्तांतिनोव यांचं टपाल-तार केंद्र बघा, जणू काँक्रीटचं फूल. त्यातला टपालाचा मोठा दालनवजा भाग २०१३ च्या आगीत जळला.

आणि मग २०१० पासून ‘स्कोप्ये २०१४’ नावाची सरकारी योजना आली. चौकात घोड्यावरचा भलामोठा योद्धा, डझनावारी पुतळे, आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारतींना वरून चिकटवलेले ग्रीक थाटाचे पांढरे खांब. आपल्या लाडक्या व्यापारी संकुलाचं रूप असं बदलू नये म्हणून नागरिकांनी हातात हात घालून त्याला कडं केलं, २०१५ मध्ये सार्वमतही झालं. मतदान कमी पडलं म्हणून ते ग्राह्य धरलं नाही. पुढच्या वर्षी आंदोलकांनी या नव्या पांढऱ्या भिंतींवर रंगांचे फुगे मारले. हसू येतं, पण एक गोष्ट लक्षात घ्या. याच योजनेत जुनं राष्ट्रीय नाट्यगृह नव्यानं जुन्या रूपात उभं राहिलं. १९६३ नंतर पाडलेलं परत हवं होतं, ही भावना खोटी नव्हती. तिच्यावर स्वार कोण झालं हा वेगळा भाग.

समोर इंजिनिअर मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. स्वित्झर्लंडनं एक शाळा दिली, पेस्तालोझी शाळा. वास्तुकार आल्फ्रेड रोथ. १९६९ मध्ये ती पूर्ण झाली. तीन मजली इमारत, आणि ती उभी आहे रबराच्या चोपन्न ठोकळ्यांवर. जमीन हलली तरी वरची शाळा संथ डुलावी म्हणून. भूकंपापासून वाचवण्यासाठी रबरावर इमारत तोलायचा जगातला हा पहिला प्रयोग. वाऱ्यानं उगाच हलू नये म्हणून जोडीला काचेच्या फेसाचे ठोकळे लावले होते, मोठा धक्का बसला की तुटणारे. पण रबरात पोलादी पत्रे नव्हते. त्यामुळे वरच्या वजनानं ठोकळे कडेला फुगत गेले, उशीवर कुणी बसल्यासारखे. पुढे जगानं रबर आणि पोलाद यांचे एकाआड एक थर द्यायचं तंत्र उचललं. भूजचं भूकंपानंतरचं नवं रुग्णालय अशाच ठोकळ्यांवर आहे. स्कोप्येतल्या शाळेचे फुगलेले ठोकळे २००७ मध्ये बदलले. शाळा पाडावी लागली नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत हात वर दिसतोय.