पहिल्या उड्डाणानंतरचे ४० तास

[दृश्य: गॅरेजचं दार वर सरकतं. टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे. भिंतीला टेकवलेलं लाकडी खोकं.]

घरी बांधलेल्या विमानांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बहुतेक सगळे एकाच ठिकाणी संपतात. चाकं धावपट्टी सोडतात, खाली उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात, बांधणाऱ्याचे डोळे भरून येतात. तो क्षण मोठा आहेच. पण विमान भरवशाचं ठरतं ते त्यानंतरच्या आठवड्यांत, एकट्या वैमानिकाने केलेल्या चाचण्यांतून. तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं. ही फिल्म त्या चाचण्यांबद्दल आहे. मात्र तिथवर पोचायचं तर आधी हे खोकं उघडायला हवं.

खोक्यात आहे आरव्ही-७ या विमानाची शेपूट, सुट्या भागांत. हे किट अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या इंजिनिअरने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आपलं एका माणसाचं आरव्ही-३ लोकांसमोर आणलं आणि पुढे त्याचे आराखडे आणि भाग विकायला सुरुवात केली. आज जगभरात ११,००० हून जास्त आरव्ही विमानं बांधून उडाली आहेत. आरव्ही-७ मध्ये दोघं शेजारी शेजारी बसतात. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत २५ फूट, आणि वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर.

शेपूट सगळ्यात आधी मागवतात. ती लहान असते, स्वस्त असते, आणि तिच्यात पुढे लागणारं जवळपास सगळं काम येतं. हे आपल्याला जमणार नाही असं वाटलं, तर माणूस इथेच थांबू शकतो. जमलं तर पंख मागवायचे, मग धड, मग उरलेलं.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा, नियम असा आहे की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं, आणि ते शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं. लोक याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. कारखान्यातल्या विमानाला ज्या प्रमाणपत्रांच्या चाळणीतून जावं लागतं, त्यातून या विमानाला सूट मिळते. त्या बदल्यात जबाबदारी सगळी बांधणाऱ्याच्या डोक्यावर.

[दृश्य: ड्रिल. पत्र्याच्या भोकावरून फिरणारं बोट. रिव्हेट गनचा आवाज.]

आता कामाकडे बघा. पत्र्यांना भोकं कंपनीतूनच पाडून येतात. आधी सगळे भाग क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिनांनी तात्पुरते जोडायचे, भोकं नेमक्या मापाची करायची, मग सगळं पुन्हा सुटं करायचं. प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उठलेली धारदार किनार, काढायची, पत्र्याच्या कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या गुळगुळीत करायच्या. रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्याचं, डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाभोवती खळगा दाबायचा. नंतर पुन्हा जोडायचं आणि रिव्हेट मारायचे. एक माणूस बाहेरून गन धरतो, दुसरा आतून बकिंग बार, म्हणजे पोलादाचा जड ठोकळा, टेकवून धरतो. अनेक घरांत हा दुसरा माणूस नवरा किंवा बायकोच असते. दाबल्या गेलेल्या टोकाची रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी आली, तर रिव्हेट पास. नाही आली तर ड्रिलने काढायचा आणि नवा मारायचा. असे हजारो रिव्हेट.

बर काढायचं काम कंटाळवाणं आहे, पण त्यावर माझा जीव आहे, कारण विमानातला तडा बहुधा अशाच एखाद्या ओरखड्यापासून सुरू होतो. पत्रा दर उड्डाणात ताणला जातो, सैल होतो, आणि भोकाच्या कडेला राहिलेली बारीकशी खाच हळूहळू लांबत जाते. व्हॅन्सच्या ग्राहकांना २०२३ साली हे कडवटपणे कळलं. काही काळ कंपनीने अनेक भागांची भोकं पंच न करता लेझरने कापून घेतली होती. त्यातल्या काही भोकांना खळगा दाबताना कडेला तडे दिसू लागले. जगभरातल्या गॅरेजांमध्ये अर्धवट विमानं थांबली, भाग बदलून द्यायची वेळ आली, आणि इतर आर्थिक ओढाताणीत याची भर पडून डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. एका भोकाच्या कडेवर किती काय अवलंबून असतं, ते यातून दिसतं.

[दृश्य: पंखातली इंधनाची टाकी. तोंडाला बांधलेला फुगा.]

टाक्या पंखातच असतात. पत्र्यांच्या सांध्यांमध्ये काळपट, चिकट सीलंट भरतात. त्याचा वास कपड्यांतून लवकर जात नाही. टाकी पूर्ण झाली की तिच्या तोंडाला फुगा बांधून आत थोडी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की गळती सापडली. फुगा रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी तो मलूल दिसला म्हणून लगेच घाबरायचं नसतं, कारण रात्री गारवा वाढला की आतली हवाही आकसते.

इंजिन बसतं, तारा ओढल्या जातात, विमान तीन वजनकाट्यांवर चढतं, प्रत्येक चाकाखाली एक. त्यावरून रिकामं वजन आणि गुरुत्वमध्य काढतात. मग निरीक्षक येतो, कागद तपासतो, झाकणं उघडून आत बघतो. आत चढताना दिसेल अशा जागी ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, आणि प्रवाशाला वाचता येईल अशी एक पाटी: हे विमान हौशी माणसाने बांधलं आहे आणि ते नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. प्रवाशापासून काहीही लपवायचं नाही, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

प्रमाणपत्र हातात येतं, पण त्याच्यासोबत अटी येतात. ठरलेल्या हद्दीतच उडायचं. प्रवासी न्यायचा नाही. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी आधीपासून प्रमाणित असेल तर साधारणपणे २५ तास, नसेल तर ४०. अलीकडे तासांऐवजी चाचण्यांची ठरलेली यादी पूर्ण करायची वाटही खुली झाली आहे, आणि ती जास्त शहाणपणाची आहे. नुसत्या घिरट्या घालून तास भरता येतात, पण त्यातून विमान कळत नाही.

एवढी कडक अट का, ते आकडे सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हलक्या विमानांच्या ताफ्यात त्यांचा वाटा सुमारे १० टक्के होता. २०११ मधल्या जीवघेण्या अपघातांत मात्र तो २१ टक्के होता. मुख्य कारणं दोन: इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं. बरेचसे अपघात विमानाच्या आयुष्याच्या अगदी सुरुवातीला झालेले.

म्हणून पहिली महत्त्वाची चाचणी जमिनीवरच होते. विमानाचं नाक चढाईच्या वेळी असेल तितकं उंच करायचं, इंधनाची नळी इंजिनापाशी सोडवायची, पंप चालू करायचा आणि मिनिटाला किती इंधन बाहेर येतं ते मोजायचं. टेकऑफला इंजिन जितकं पितं, त्याच्या सव्वापट तरी आलंच पाहिजे. पंपाशिवाय वरून खाली वाहणाऱ्या रचनेत दीडपट. एक बादली, एक घड्याळ, आणि जीव वाचवणारा आकडा.

[दृश्य: पहाटेची धावपट्टी. विमान वर चढतं आणि विमानतळाभोवती गोल फिरत राहतं.]

पहिलं उड्डाण. बघणाऱ्याला वाटतं, एक फेरी मारून लगेच उतरेल. वैमानिक उतरत नाही. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसायला हव्या असतात, आणि त्या जोर लावूनच बसतात. कमी ताकदीवर रेंगाळलं तर सिलिंडरचा पृष्ठभाग गुळगुळीत चकाकून जातो आणि इंजिन पुढे तेल पीत राहतं. म्हणून वैमानिक विमानतळाच्या डोक्यावरच, इंजिन बंद पडलं तरी तरंगत धावपट्टीवर येता येईल इतक्या उंचीवर, सिलिंडरचं तापमान बघत घिरट्या घालतो. उतरण्याआधी वर असतानाच वेग कमी करून पाहतो, म्हणजे विमान हातात कसं लागतं ते लँडिंगआधी कळलेलं असतं.

आणि मग ते आठवडे, ज्यांच्यासाठी ही फिल्म आहे.

समोरची वेगाची तबकडी खरं सांगते का, हे आधी बघावं लागतं. एकाच उंचीवर, एकाच ताकदीवर, वेगवेगळ्या तीन दिशांना उडायचं, जीपीएसचे आकडे लिहायचे आणि हिशेबातून वारा वजा करायचा. आरव्हीमध्ये यात एक गंमतीदार खाच आहे. बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र म्हणून आराखड्यात एका साध्या पॉप रिव्हेटचं किंचित उठलेलं डोकं वापरलेलं असतं. ते ओबडधोबड दिसतं म्हणून कुणी तिथे पत्र्याला समतल, देखणा तुकडा बसवला, की तबकडी चुकीचा वेग दाखवू लागते. त्या उठलेल्या डोक्यावरून वाहणाऱ्या हवेवरच सगळं गणित बसवलेलं आहे.

त्यानंतर स्टॉल. भरपूर उंचीवर जाऊन वेग उतरवत नेतात, पंखांची उचल सुटेपर्यंत. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग, वर असताना किती वेगाला सुटली, खाली असताना किती, कुठला पंख आधी पडला, सगळं गुडघ्यावरच्या कागदावर. मग शेजारच्या सीटवर आणि मागे वाळूच्या पिशव्या घट्ट बांधून तेच सगळं पुन्हा. गुरुत्वमध्य मागे सरकला की विमान चालवायचा दांडा हाताला हलका लागतो आणि विमान चंचल होतं. उद्या तिथे मित्र बसणार, मागे त्याची बॅग असणार. ते विमान कसं वागेल हे आज वाळूला घेऊन शिकायचं.

सगळ्यात जपून करायची चाचणी वेगाची. आरव्ही-७ ची मर्यादा ताशी २३० मैल, म्हणजे ३७० किलोमीटर. तिथवर एकदम जात नाहीत. थोडा वेग वाढवायचा, दांड्याला हलकी टिचकी द्यायची, थरथर लगेच विरते का बघायचं, मग पुढची पायरी. न विरणाऱ्या थरथरीला फ्लटर म्हणतात, आणि ती काही क्षणांत शेपूट तोडू शकते. म्हणूनच रडर आणि एलिव्हेटर हे शेपटीचे हलते भाग रंगवल्यावर त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो. बिजागरीच्या मागच्या बाजूला चढलेला रंगाचा थरसुद्धा वजनच असतो. अनेक जण या चाचणीला पॅराशूट बांधून जातात.

[दृश्य: धुळ्याची धावपट्टी.]

महाराष्ट्रात ही गोष्ट ऐकताना कॅप्टन अमोल यादव आठवणारच. कांदिवलीच्या चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. ते किट नव्हतं, आराखडाही त्यांचाच. म्हणजे ११,००० जणांनी आधी उडवून पाहिल्याचा आधारही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत ते ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ मध्ये झाली, उडण्याची परवानगी २०१९ मध्ये मिळाली, आणि उड्डाणाची चाचणी धुळ्याला झाली. गच्चीचे फोटो सगळ्यांच्या लक्षात आहेत. धुळ्याचा उल्लेख फार थोडे जण करतात. मला वाटतं, त्या विमानाची खरी परीक्षा तिथली होती आणि तिची दखल जास्त घ्यायला हवी.

[दृश्य: लॉगबुकचं पान. सही.]

चाचण्या संपल्या की बांधणारा लॉगबुकात लिहितो: ठरलेले तास पूर्ण झाले, विमान त्याच्या सगळ्या वेगांत ताब्यात राहतं, त्यात धोक्याचा दोष नाही. खाली स्टॉलचा वेग, चढाईचे वेग, वजन, गुरुत्वमध्य. इथून पुढे शेजारची सीट खुली.

अपघातांच्या त्याच अमेरिकी अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि ती सेकंडहँड आरव्ही घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवी. २०११ मधल्या अपघातांपैकी निम्म्याहून जास्त विमानं विकत घेतलेली होती, उडवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, आणि त्यातले कित्येक अपघात खरेदीनंतर लवकरच झाले. बांधणाऱ्याने ४० तासांत जे शिकून घेतलं, ते किल्लीसोबत नव्या मालकाकडे जात नाही. तेव्हा विमान बघायला जाल तर रंग आणि पॅनेल नंतर बघा. आधी चाचण्यांच्या नोंदी मागा. कुठल्या वजनाला, कुठल्या गुरुत्वमध्याला, कुठल्या वेगाला काय झालं ते त्यात लिहिलेलं हवं. नुसतेच ४० तास लिहिलेले असतील, तर त्या विमानाच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत असं समजा, आणि हे मॉडेल चांगलं ओळखणाऱ्या प्रशिक्षकाला बरोबर घेऊन पहिल्यापासून सुरुवात करा.