कर्ज नको, आमचंच येणं वेळेवर द्या

मंडळी, विषय दिलाय ‘छोट्या उद्योगांना सरकारी मदत आणि कर’. मदत म्हटलं की आपल्याकडे लगेच योजनांची यादी सुरू होते. मुद्रा कर्ज आहे २०१५ पासून, रकमेप्रमाणे शिशु किशोर तरुण असे गट, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्याला आता २० लाखांपर्यंत मिळू शकतं. बिनतारण कर्जाला सीजीटीएमएसई या सरकारी हमी ट्रस्टची हमी आहे. नव्या धंद्याला सबसिडी देणारी केंद्राची पीएमईजीपी, राज्याची सीएमईजीपी. नवीन धंदा काढणाऱ्याला उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही. पण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे धंदे वडिलांच्या, आजोबांच्या काळापासूनचे आहेत आणि त्यांची तक्रार कर्ज मिळत नाही अशी नाहीच, तक्रार अशी की माल देऊन बसलोय आणि पैसे येत नाहीत. म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्याकडे अडकलेत म्हणून आपण बँकेत जायचं, व्याजही आपणच भरायचं, आणि याला म्हणायचं मदत.

आता हिशोबच करूया. आपल्या कोल्हापूरच्या शिरोलीतलं एखादं मशीन शॉप धरा, नवरा-बायको, मुलगा आणि चार कामगार. १० एप्रिलला मोठ्या पार्टीला ५ लाखांचा माल गेला. १८ टक्क्यांनी जीएसटी ९० हजार, बिल झालं ५ लाख ९० हजाराचं. कच्चा माल ३ लाखांचा घेतला होता, त्यावरचे ५४ हजार वजा जातात, उरले ३६ हजार. हे ३६ हजार महिन्याचं रिटर्न भरत असाल तर २० मेपर्यंत भरायचे, तिमाही घेतलं असलं तरी चलन २५ तारखेला आहेच. पार्टीचं पेमेंट? ९० दिवस म्हणतात. त्यात मधेच रिजेक्शन, डेबिट नोट, अकाउंट्सवाले साहेब रजेवर, म्हणजे जुलै संपतो. तोपर्यंत स्टीलवाला थांबत नाही, पगार थांबत नाही, लाइट बिल थांबत नाही. मग सीसीतून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून उचलायचे आणि सरकारला द्यायचे. जो पैसा हातात आलाच नाही त्याचा टॅक्स, तोही कर्ज काढून! आणि चुकला दिवस तर १८ टक्के व्याज वर लेट फी.

गंमत पुढे आहे. त्या मोठ्या पार्टीने आपल्याला एक रुपया दिलेला नसतो, पण बिल त्यांच्या टू-बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत दिसलं की त्या ९० हजाराचं क्रेडिट त्यांना लगेच. पैसे न दिल्याबद्दल ते क्रेडिट परत करायची वेळ त्यांच्यावर येते बिलापासून १८० दिवसांनी. आणि दुसरीकडे २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्या. एकच सरकार, एका कायद्यात ४५, दुसऱ्यात १८०. मोठा माणूस कुठला आकडा पाठ करणार ते सांगायला नको.

४५ दिवसांचा कायदा कागदावर कडक आहे हं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तरी साडेसोळा होतात. अशा तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, ऑनलाइन तक्रार टाकता येते, निकाल विरुद्ध गेला आणि कोर्टात जायचं असलं तर पार्टीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण करतो कोण? ज्याच्या जिवावर ६० टक्के काम चालतं त्याच्यावर केस टाकायची आणि सोमवारी त्याच्याच गेटवर नवीन पीओ, म्हणजे ऑर्डर मागायला जायचं, जमणार आहे का कुणाला? मी असे लोक पाहिलेत जे तक्रार करतात, पण धंदा बंद केल्यावर.

म्हणून २०२३ च्या बजेटमध्ये सरकारने दुसरी बाजू धरली, ते इन्कम टॅक्सचं कलम ४३-बी-एच. आता नवा इन्कम टॅक्स कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण मार्केटमध्ये तोंडी हेच नाव बसलंय. सूक्ष्म किंवा लघु युनिटचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही, देशील त्या वर्षी धर. म्हणजे आपण भांडायचं नाही, त्याचा टॅक्सच वाढणार. डोकं चांगलं चालवलंय, फक्त एक भोक राहिलं. एप्रिलचं बिल फेब्रुवारीत दिलं, दहा महिन्यांनी, तरी वर्ष तेच आहे म्हणून खर्च पूर्ण मिळतो! ३१ मार्चला जे थकलेलं असेल त्यालाच हा चाप. त्यामुळे मार्चमध्ये पटापट फोन येतात, ‘उद्यम सर्टिफिकेट पाठवा’, म्हणजे छोट्या उद्योगाच्या नोंदणीचा सरकारी दाखला, पेमेंट सुटतात, आणि एप्रिलपासून परत ये रे माझ्या मागल्या. काही जण तर ऑर्डरच मध्यम युनिटकडे वळवतात, कारण ‘मध्यम’ला हे कलम लागत नाही. उद्यम काढूच नका असं सांगणारे खरेदीदार तर तुम्हीही भेटलेले असाल.

आणि लक्ष्मीपुरी बाजारातल्या व्यापाऱ्यांना सांगतो, २०२१ पासून तुम्हालाही उद्यम मिळतं पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी, ४५ दिवसांचा हक्क तुम्हाला नाही. कंपोझिशन, म्हणजे छोट्यांनी विक्रीवर ठरावीक टक्का जीएसटी भरायची योजना, तिचंही तसंच. दीड कोटीपर्यंत १ टक्का भरा, रिटर्न कमी, छान आहे. पण राज्याबाहेर माल पाठवायचा नाही. कोल्हापूरवाल्याला मुंबईला पाठवता येतो आणि निपाणीला नाही, जे इथून तासाभरावर आहे.

घरच्या माणसांचं एक राहिलं. काउंटर, बँक, कामगारांची हजेरी सगळं वहिनी बघतात, त्यांना पगार लावला तर इन्कम टॅक्सच्या जुन्या कलम ६४ प्रमाणे तो नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, तांत्रिक किंवा प्रोफेशनल पात्रता असेल आणि त्याच्याच जोरावर पगार असेल तरच सूट. थोरल्या पोराला वाजवी पगार दिला तर चालतो, तो दिवसभर मोबाईलवर का असेना. वीस वर्षं गल्ला सांभाळलेल्या बाईचा अनुभव ही पात्रता नाही का, हे वाद घालून सिद्ध करत बसायचं. मला हे अजिबात पटत नाही.

मग मागायचं काय? सबसिडी मागू नका, ती मिळेपर्यंत चपला झिजतात. एकच मागा, छोट्यांना पैसे आल्यावर जीएसटी भरू द्या. ही काय जगावेगळी मागणी नाही. जीएसटीच्या आधी सर्व्हिस टॅक्समध्ये ५० लाखांपर्यंतच्या व्यक्ती आणि भागीदारी फर्मला ही सोय होती, पैसे मिळाले की टॅक्स. इंग्लंडमध्ये व्हॅटमध्ये छोट्यांना आजही आहे. २०१७ ला जीएसटी आला आणि ती सोय गेली. सरकार म्हणेल महसूल लांबेल. नाही लांबत, जर त्याच बिलाचं क्रेडिट खरेदीदारालाही पेमेंट केल्यावरच दिलं तर. विकणारा उशिरा भरतो, घेणारा उशिरा वजा करतो, तिजोरीत फरक नाही. फरक पडेल त्या अकाउंट्सवाल्या साहेबांना, कारण आपले ५ लाख ९० हजार अडवले की त्यांचे ९० हजार अडकतील, आणि ते दर महिन्याला, नुसत्या मार्चला नाही.