लोकरवाल्याच्या तक्तपोशीतली सूर्यमाला

नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंड प्रांतात फ्रानेकर नावाचं छोटंसं गाव आहे. गावात कालवा आहे, जुनं देखणं नगरभवन आहे, आणि त्याच्यासमोर हे विटांचं घर. आत या, आणि लगेच वर बघा.

निळीशार तक्तपोशी. मधोमध सूर्य. त्याच्याभोवती फळ्यांमध्ये कोरलेल्या गोल फटी, आणि एकेका फटीतून खाली आलेला एकेक ग्रह. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी. ग्रहमालेची आजही चालू असलेली ही जगातली सर्वांत जुनी फिरती प्रतिकृती. आणि ही खोली कुठली वेधशाळा नव्हती. इथे एक कुटुंब राहत होतं. भिंतीत कपाटासारखा बसवलेला तो पलंग दिसतोय ना, तिथे नवरा-बायको झोपत.

नवऱ्याचं नाव आयसे आयसिंगा. धंदा लोकर विंचरण्याचा, वडिलांकडून आलेला. गावात १५८५ पासून विद्यापीठ होतं, पण हा तिथला विद्यार्थी नव्हे. गणिताचं वेड मात्र असं, की पंधराव्या वर्षी त्यानं अंकगणितावर सहाशेहून अधिक पानं स्वतःच्या हातानं लिहून काढली होती.

१७७४ च्या मे महिन्यात बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि चंद्र आकाशात एकमेकांच्या जवळ येणार होते. एल्को आल्टा या धर्मोपदेशकाच्या पुस्तिकेनं भाकीत केलं की ग्रह कक्षेतून ढळतील आणि पृथ्वी सूर्यात जाऊन जळेल. फ्रीसलंडभर घबराट पसरली. ८ मे उजाडला, मावळला, काही झालं नाही.

आयसिंगा तेव्हा तीस वर्षांचा होता. त्यानं घाबरलेल्या लोकांना मूर्ख ठरवलं नाही. ग्रह खरोखर कसे फिरतात हे कुणालाही येऊन डोळ्यांनी बघता यावं, म्हणून त्यानं स्वतःच्या घराचं छत दिलं. मला तो थोर वाटतो तो इथे. दिवसभर लोकर, आणि उरलेल्या वेळात हे काम. सात वर्षं लागली. १७८१ मध्ये ते पुरं झालं.

आता माप बघा. दहा लाख किलोमीटर म्हणजे इथे एक मिलिमीटर. पृथ्वी सूर्यापासून १५ सेंटिमीटरवर, शनी जवळजवळ दीड मीटरवर. त्याच १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांना युरेनस सापडला. या मापानं तो सूर्यापासून पावणेतीन मीटरहून लांब जातो, खोली तेवढी मोठी नाही. म्हणून छतावर ग्रह सहाच राहिले.

बघत उभे राहिलात तर काहीच हलताना दिसत नाही. कारण इथले ग्रह आकाशातल्या ग्रहांच्याच वेगानं फिरतात. पृथ्वीची फेरी एका वर्षाची, शनीची साडेएकोणतीस वर्षांची.

माळ्यावर चढलं की सगळी करामत उघडी पडते. लाकडी चाकं, कडी, आणि दात्यांच्या जागी ठोकलेले हातानं घडवलेले हजारो खिळे. या सगळ्याला चालवतं एकच लंबकाचं घड्याळ. फ्रानेकरचे प्राध्यापक व्हान स्विन्डन हे काम पाहून इतके भारावले, की ते पुरं होण्याआधीच, १७८० मध्ये, त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं.

पुढे राजकीय धामधुमीत आयसिंगाला गाव सोडावं लागलं. १७८७ ते १७९६, एवढा काळ तो घराबाहेर होता. वाटेत तुरुंगवास झाला, बायको पिट्ये वारली. तेवढ्या अवधीत आकाशातल्या शनीची जेमतेम एक तृतीयांश फेरी होते. परतल्यावर त्यानं पुन्हा या घरात संसार थाटला. १८१८ मध्ये राजा पहिला विल्यम हे बघायला आला, आणि काही वर्षांनी सरकारनं घर विकत घेतलं. १८२८ मध्ये आयसिंगा गेला. २०२३ मध्ये युनेस्कोनं या घराला जागतिक वारसा म्हटलं.

यंत्र वर्षाचे ३६५ दिवसच मोजतं. त्यामुळे लीप वर्षात २९ फेब्रुवारीला ते हातानं जुळवून घ्यावं लागतं. आणि चालू साल दाखवणाऱ्या फळीवर बावीसच वर्षं मावतात. ती संपली, की पुढची सालं घालून नवी फळी बसवायची.