एसीएलचं ऑपरेशन झालंय? गुडघ्याखालची उशी आधी काढा!

नमस्कार मंडळी. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला, सांधा स्थिर ठेवणारा लिगामेंट. त्यावरच्या प्रत्येक व्हिडिओखाली तोच प्रश्न येतो, ग्राफ्ट (तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचा टेंडनचा तुकडा) कुठला घेऊ? पटकन सांगतो. पटेलर टेंडनच्या (गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्याच्या) ग्राफ्टला दोन्ही टोकांना हाड असतं, त्यामुळे तो हाडात पाडलेल्या बोगद्यात लवकर धरतो, पण गुडघे टेकताना पुढे दुखू शकतं. हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा) घेतला तर पाय मागे दुमडायची ताकद थोडी घटते. क्वाड्रिसेप्सचा (मांडीच्या पुढच्या स्नायूचा) छान जाड मिळतो, पण मांडीचा जोर परत यायला वेळ लागतो. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय तो घ्या. विषय संपला.

आता कोणीच विचारत नाही ते. गुडघा पूर्ण सरळ होतोय का?

ऑपरेशननंतर सगळे 'किती वाकला' हेच मोजत बसतात. ९० अंश झाला, १२० झाला, टाळ्या! अहो, वाकणं बहुतेकांचं हळूहळू येतं. सरळ होणं पहिल्या काही आठवड्यांत निसटलं की मिळवताना घाम फुटतो. कधी ग्राफ्टच्या पुढ्यात जाड ऊतीची गाठ धरते, तिला सायक्लॉप्स लीजन म्हणतात. गुडघा सरळ करायला गेलं की ती हाडांमध्ये चिमटते. मग तिथे व्यायाम चालत नाही, पुन्हा दुर्बीण घालावी लागते.

आणि या सगळ्याला हातभार लावते ती गुडघ्याखालची उशी. आराम का वाटतो? सूज असताना ३० अंशांच्या आसपास सांध्यात द्रवाला सर्वात जास्त जागा मिळते, दाब उतरतो. म्हणजे बरं वाटतं तीच स्थिती नेमकी नको असलेली. घरचे प्रेमाने उशी सरकवतात. त्यांना हा व्हिडिओ दाखवा.

मग करायचं काय? टॉवेलची गुंडाळी टाचेखाली. टाचेखाली, गुडघ्याखाली नाही! पोटरी आणि गुडघा अधांतरी राहायला हवेत. १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पाऊल बाहेर कलंडू देऊ नका, नाहीतर मांडी फिरते आणि गुडघा सरळ झाल्याचा नुसता भास होतो. त्याच स्थितीत मांडी आवळा, ५ सेकंद धरा, सोडा. वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सुजेमुळे मज्जासंस्थेनेच स्नायूला ब्रेक लावलाय. तिथे इच्छाशक्ती कामाची नाही, फिजिओकडून विजेचं स्टिम्युलेशन घ्या.

तपासायचं कसं? पालथे झोपा, दोन्ही वाट्या पलंगाच्या कडेबाहेर, पाय सैल. ऑपरेशनवाली टाच दुसरीपेक्षा किती वर राहते ते पट्टीने मोजा. १ सेंटीमीटर म्हणजे साधारण १ अंश कमी. तुलना स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी करा. काहींचा चांगला गुडघा शून्य अंशाच्या, म्हणजे पूर्ण सरळच्याही, मागे जातो, त्यांच्यासाठी 'शून्य आलं' हे पुरेसं नाही.

'सरळ नाही झाला तरी चालता येतंय की!' असंही लिहितात. येतं हो, लंगडत. टाच टेकताना गुडघा वाकलेला राहतो, मांडीचा स्नायू सतत ताणात, आणि पुढे वाटीमागे दुखायला लागतं. धावणं तर लांबच.

मेनिस्कसही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवला असेल तर सुरुवातीला वाकवण्यावर बऱ्याचदा ९० अंशांची मर्यादा असते आणि वजनाचे नियमही बदलतात. तिथे माझं नाही, सर्जनचं ऐका. आणि सायकलवाल्यांनो, पेडल पूर्ण फिरवायला साधारण ११० अंश लागतात. तोवर सीट उंच ठेवा आणि पुढे-मागे अर्धाच फेरा मारा.