चातुर्मासात लग्नं बंद असतात, ओठ नाही

नमस्कार मंडळी. परभणीच्या ह्या उकाड्यात पोरं ट्रम्पेट घेऊन बसलीत म्हणजे एकतर तुम्ही लई हौशी, नाहीतर नंतर पोहे आहेत हे कळलेलं दिसतंय. विषय दिलाय रोज सरगम का घासायची. सांगतो, पण आधी माझं गाऱ्हाणं ऐका.

मी ज्या बँडात होतो तिथले मालक आषाढी झाली की सगळी वाद्यं पेटाऱ्यात टाकून कुलूप लावायचे ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत, का तर वाजवून पितळ झिजतंय म्हणे! पितळाची काळजी, ओठाची नाही. चार महिने मी सोयाबीन काढलं, कापूस वेचला, ट्रम्पेटला तोंड लावलं नाही. मग पहिलीच सुपारी जिंतूरकडं, नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन घोडीवर बसलेला, मी ऐटीत वरचा सा लावायला गेलो आन् जे काय बाहेर आलं ना, रेडकू वरडल्यासारखं. घोडी बिचकली, नवरदेवाचा फेटा करवलीच्या ताटात. नवरीचा मामा जवळ येऊन हळूच म्हणला, "मास्तर, काही दुखतंय का?" ती लाज अजून गेली नाही. (हसू नका, तुमचीबी येळ येईल.)

आता बघा, बटनं किती? तीन. पेटीवर प्रत्येक सुराला वेगळी पट्टी असते, इथं खालचा सा, प, वरचा सा, तिन्हीला एकबी बटन दाबायचं नाही, ठरवतो फक्त ओठ आणि हवा. म्हणून बोटं पाठ झाली म्हणजे सरगम आली असं नाही. ओठाला प्रत्येक सुराची जागा पाठ व्हावी लागती, आणि ती चार महिन्याच्या सुट्टीत पुसती. आमच्याकडं ते कुलूप होतं म्हणून सांगतो, निदान माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा तो सुटा तुकडा, तरी खिशात ठेवायचा, शेतात बसून नुसता त्याच्यावर फुर्र केलं असतं तरी मामासमोर इज्जत राहिली असती.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं म्हणे. बरं, पटापट. ट्रम्पेटचा सा म्हणजे पेटीची काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, तिथून हळू आवाजात सारेगमपधनीसा, मग सारेग रेगम गमप, जितकं वाजवलं तितकाच आराम, रोज वीस मिनिटं पुरे पण रोज. नंतर पट्टी बदला, म्हणजे सा दुसऱ्या सुरावर धरा, अशा बारा आहेत, एकीतच रमू नका. खालच्या रे ला पहिलं आन् तिसरं बटन, तो चढा येतो, तिसऱ्या बटनाची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, जरा बाहेर काढा. उन्हाळ्यात सगळंच चढतं कारण हवा तापली की आवाज जोरात पळतो, २० डिग्रीला सेकंदाला ३४३ मीटर, ४० ला ३५५ च्या आसपास, म्हणून मे महिन्यातल्या वरातीत सूर जुळवायची मोठी स्लाइड बाहेर ओढून क्लॅरिनेटशी जुळवून घ्या.

चला, काढा वाद्यं. गाल फुगवायचे नाहीत. सा... अरे मागच्या, गुळगुळ येऊ लागलीय तुझ्यातून, आधी पाणी काढ ते, पण पुढच्याच्या चपलेवर नको.