एजंटला तुमचं बटण दिसतं का?

एखाद्या माणसानं एआय एजंटला सांगितलं, 'त्या वेबसाइटवर जा आणि माझा अर्ज भर.' एजंट आला. त्याला तुमचं पान दिसतं कसं? काही एजंट स्क्रीनशॉट घेऊन चित्रातली जागा हेरतात आणि क्लिक करतात. काही एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, वाचतात. आणि काही ब्राउझरचा अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री वाचतात, म्हणजे अंध वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरसाठी ब्राउझर पानाचा जो सांगाडा तयार करतो, तो. त्यात रंग नाहीत, सावल्या नाहीत. 'बटण: पुढे जा', 'रकाना: जन्मतारीख, आवश्यक' अशा ओळी, बस्स.

आता नेहमीचा प्रकार पाहा. डिझायनरनं देखणं बटण काढलं, डेव्हलपरनं ते डिव्हमध्ये, म्हणजे स्वतःचा अर्थ नसलेल्या एचटीएमएलच्या साध्या चौकटीत, बसवून वर ऑनक्लिक, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारा कोड, लावला. डोळ्यांना ते बटणच वाटतं. ट्रीमध्ये मात्र तो नुसता मजकूर उरतो, आणि आत फक्त आयकॉन असेल तर तेवढंही नाही. रकान्यांचंही तसंच. शेजारी 'जन्मतारीख' लिहिलंय, पण लेबल त्या रकान्याला जोडलेलं नाही. मग रकाना बिननावाचा. यावर आरियाची, म्हणजे घटकाचं नाव-भूमिका स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या जादा खुणांची, ठिगळं लावत बसू नका. डिव्हला बटणाची भूमिका दिली तरी कीबोर्डचं वागणं तुम्हालाच लिहावं लागतं. त्यापेक्षा सरळ बटण टॅग वापरा. डब्ल्यूसीएजी, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक सूचना; त्यांची पहिली आवृत्ती १९९९ची. तेव्हापासून सुगम्यतेची माणसं घसा कोरडा करून हेच सांगताहेत, आणि आपण जागे होतोय ते एजंट आल्यावर! असो, अंध वापरकर्त्याचं काम त्या निमित्तानं सोपं होत असेल तर माझी तक्रार नाही.

दिसण्यापेक्षा धोक्याचं आहे ते करणं. २००५ मध्ये गूगलनं वेब अ‍ॅक्सिलरेटर आणला. पानावरच्या लिंक तो आधीच उघडून ठेवायचा, वेग वाढावा म्हणून. काही वेब अ‍ॅपमध्ये 'डिलीट' ही साधी लिंक होती. त्यानं तीही उघडली आणि लोकांचा डेटा उडाला. लिंक उघडताना ब्राउझर सर्व्हरला पाठवतो ती गेट विनंती. तिनं काही बदलू नये, हा एचटीटीपीचा, म्हणजे ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या नियमांचा, संकेत तेव्हाही जुनाच होता. आज एजंट तुमच्या लिंकांवरून फिरणार आहेत, तेव्हा एकदा तपासून घ्या.

आणि तो टोस्ट, ती उडती सूचना! 'काहीतरी चुकलं' असं कोपऱ्यात क्षणभर झळकतं आणि जातं. एजंट पुढचा स्क्रीनशॉट घेईपर्यंत ते गायब. त्याला वाटतं, क्लिक झालंच नाही. तो पुन्हा दाबतो, आणि ऑर्डर दोनदा जाते. त्रुटी रकान्याजवळच, नेमक्या शब्दांत लिहा आणि दुरुस्त होईपर्यंत राहू द्या. सर्व्हरवर आयडेम्पोटन्सी की, म्हणजे विनंतीसोबत येणारी त्या कामाची वेगळी ओळखखूण, तपासा, म्हणजे तीच विनंती दोनदा आली तरी काम एकदाच होईल.

एलएलएम्स डॉट टीएक्सटी, म्हणजे एआय मॉडेलांना साइटची ओळख करून देणारी फाइल, हिच्याबद्दल हमखास विचारलं जातं. जेरेमी हॉवर्ड यांनी २०२४ मध्ये तो प्रस्ताव मांडला. ठेवायची तर ठेवा, पण मोडका फॉर्म त्यानं दुरुस्त होत नाही. रोबॉट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे साइटवर कुठे फिरू नये हे बॉट्सना सांगणारी फाइल, तिलाही कुलूप समजू नका. तिच्या २०२२च्या मानक दस्तऐवजात, आरएफसी ९३०९ मध्येच, म्हटलंय की हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी तपासणारी व्यवस्था नव्हे. पैसे भरणं, खातं बंद करणं अशा पायऱ्यांना माणसाची खात्री सर्व्हरवरच मागा.

घरी गेल्यावर माउस बाजूला ठेवा, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या डेव्हलपरच्या साधनांत) अ‍ॅक्सेसिबिलिटीचा भाग उघडा आणि आपलाच फॉर्म फक्त कीबोर्डनं भरून पाहा.